तालुक्याचा जनावरांचा बाजार : पाचात साडेतीन

बाजाराचं नाव लिहीत नाही. माणदेशाच्या कडेकडेनं जनावरं घेऊन फिरणाऱ्यांना ओढ्यापलीकडचा चढ आणि कमानीखालचा तो खड्डा म्हटलं की कळेल. ज्यांना कळणार नाही त्यांनी आपापल्या तालुक्याचा बाजार डोळ्यासमोर आणावा, फार फरक पडणार नाही.

साडेतीन तारे दिलेत. त्यातले दोन एकट्या पावतीच्या खिडकीवरच्या कारकुनाचे आहेत. बाकीचा दीड तारा पाण्याच्या हौदाला आणि गाडीत जनावर चढवायच्या धक्क्याला.

मी सहा गाई सांभाळते. मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून धारा, चारा, डॉक्टर, डेअरीचा हिशोब सगळं माझ्याकडे आलं, आणि त्यामागोमाग विक्रीही आली. आमच्याकडे बायका गाय सांभाळतात, विकत मात्र पुरुष. त्यामुळे बाजारात मी दावं धरून उभी राहिले की पहिला प्रश्न येतो, "मालक कुठायत?" मालक घरी ओट्यावर पाय लांब करून बसलेत, तुम्ही भाव बोला.

बाजाराबद्दल लिहायच्या आधी, मी बाजारात का जायला लागले ते सांगावं लागेल. नाहीतर साडेतीन तारे जास्त वाटतील.

२०२२ ला लंपी (जनावरांच्या अंगावर गाठी येणारा साथीचा रोग) आली आणि बाजार बंद झाले. पुढच्या वर्षी सुरू झाले तरी सुरुवातीला पुरते भरत नव्हते. त्या काळात पैशाची नड होती म्हणून एक एचएफ जातीची गाय दारातच विकली. दुसऱ्या वेताची, दोन टायमाचं अठरा लिटर दूध, कास झकास, चारही सड सरळ. सोयऱ्यांच्या ओळखीनं एक हेडी आला. (शहरातल्यांसाठी : हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. एका बाजारात घेतो, दुसऱ्यात विकतो.) शहाऐंशी हजाराला सौदा ठरला. हजार रुपये इसार हातावर ठेवला. दोन दिवसांनी पिकअप घेऊन आला, चाळीस हजार रोख मोजले आणि म्हणाला, "वहिनी, राहिलेलं पंचेचाळीस पुढच्या बाजारी. पैसं काय पळून जात्यात व्हय?"

चहा पिऊन गाय घेऊन गेला.

पुढच्या बाजारी फोन लागला नाही. त्याच्या पुढच्या बाजारी लागला. म्हणाला, गाय तुम्ही सांगितलं तेवढं दूध देत नाही, बाराच्या वर जात नाही, गिऱ्हाईक माझ्या गळ्याशी आलंय. आता हे दुधाचं प्रकरण समजून घ्या, कारण उधारी बुडवायची ही सगळ्यात जुनी वाट आहे. गाय विकताना बोली असते. दुधाची बोली, सडाची बोली, गाभण असली तर गाभणीची बोली. बोली म्हणजे तोंडी हमी. विकणारेही काही सगळे साधू नसतात. आदल्या संध्याकाळची धार न काढता कास तुंबवून गाय बाजारात आणणारे मी पाहिलेत. पण पैसे थकलेले असले की ही बोली घेणाऱ्याच्या हातातलं हत्यार होते. गाय त्याच्या गोठ्यात, चारा त्याचा, गाडीतला प्रवास त्याचा, दूध मोजणारा तोच. मी इथून काय सिद्ध करणार? गाडीत हिंदकळून आलेली, जागा बदललेली गाय चार दिवस दूध चोरतेच, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

सोयरे मध्ये पडले, बैठक झाली, त्यानं पंचेचाळीस हजाराचा चेक दिला. चेक बँकेत टाकला. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीसकट परत. खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

मग वकील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "चेक परत आल्याची चिठ्ठी कधी मिळाली?" म्हटलं, पंचवीस दिवस झाले, तो आठ-आठ दिवस मागत होता. वकिलांनी कपाळाला हात लावला. चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस. त्यात पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. चेक न वटल्याचं कलम १३८. तो आठ-आठ दिवस उगाच मागत नव्हता, त्याला हे तीस दिवस माहीत होते, मला नव्हते. सत्ताविसाव्या दिवशी नोटीस गेली. नोटिशीनं पंचवीस हजार आले. राहिलेल्या वीस हजारांसाठी जिल्ह्याला किती खेपा माराव्या लागतील, त्या दिवशी धारा कोण काढेल, याचा हिशोब केला आणि सोडून दिले. वकिलांचे चार हजार वेगळे.

त्यांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवली आहे. मालविक्रीचा १९३० चा कायदा आहे. त्यात ज्याला पैसे मिळाले नाहीत अशा विकणाऱ्याला माल अडवून धरायचा हक्क आहे, पण माल त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. आणि त्यातही, उधारी आपल्या तोंडानं कबूल केली की मुदत संपेपर्यंत तो हक्क नाही. एकदा माल गेला की मग फक्त पैशाचा दावा, तोही तीन वर्षांच्या आत. मी म्हटलं, साहेब, म्हणजे दावं हातात आहे तोवर मी मालकीण, दावं सुटलं की मी फिर्यादी. ते हसले. बरोबर आहे म्हणाले.

आता बाजार.

यंदा दुसरी गाय काढायची होती. तिसऱ्या वेताची, थोडी तापट, पण दुधाला चांगली. धाकट्या भाऊजींना बरोबर घेतलं, पिकअपला अठराशे दिले, पहाटे साडेपाचला कमानीत. आत शिरताना पहिली तपासणी कानातल्या बिल्ल्याची. २०२४ च्या जूनपासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पिवळा प्लास्टिकचा, त्यावर बारा आकडी नंबर. फाटकावरचा पोरगा नंबर मोबाईलमध्ये घालतो आणि जनावर कोणाच्या नावावर आहे ते बघतो. पहिल्यांदा मला हे झंझट वाटलं होतं. आता वाटत नाही. माझ्या गाईचा नंबर पावतीवर लिहिला गेला म्हणजे उद्या "कुठली गाय, कसली गाय" असं कोणी म्हणू शकत नाही. फक्त विकल्यावर सरकारी नोंदीतही मालकाचं नाव बदलून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी पशुवैद्यकीयचा माणूस टेबलावर सापडावा लागतो. त्या दिवशी तो दहाला आला.

आत व्यवस्था बरी आहे. हौदात पाणी होतं आणि शेवाळ खरवडलेलं होतं. लिंबाच्या सावलीला गाई, पलीकडे म्हशी, उताराला बैल आणि खोंडं. खुटे रोवलेले आहेत. मधल्या वाटेत चिखल होऊ नये म्हणून मुरूम टाकलाय. चहा भजी ठीक.

भाव अजूनही रुमालाखाली चालतो. दोघं हातात हात घालतात, वर रुमाल किंवा शर्टाचा सोगा, आणि बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही, हाच त्यातला फायदा आणि हाच तोटा. मला हात कोणी दिलाच नाही, भाऊजींचा धरला. माझीच गाय, आणि मीच बघे. दोन वेळा हात सुटले, तिसऱ्या वेळी भाऊजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मोठ्यानं विचारलं, "किती?" भोवतीचे चार जण वळले. "ब्याऐंशी," भाऊजी म्हणाले, जरा लाजून. हेड्याला आवडलं नाही. मला चार साक्षीदार मिळाले.

मग खिडकी. इथं बाजाराला दोन तारे का दिले ते सांगते.

बाजार समितीची फी आमच्याकडे शंभराला एक रुपया आणि वर देखरेखीचे पाच पैसे. ती घेणाऱ्यानं भरायची असते. ब्याऐंशी हजारावर आठशे एकसष्ट रुपये होतात. हेडी खिडकीत वाकून म्हणाला, "तीस टाका, साहेब." तीस हजार लिहिले की तीनशे पंधरा. म्हणजे त्याचे पाचशे सेहेचाळीस वाचले. सगळे असंच करतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मीही पूर्वी ऐकून सोडून दिलं असतं. पण विचार करा. उद्या त्यानं पन्नास हजार थकवले आणि मी कुठेही दाद मागायला गेले, तर माझ्या हातातला एकुलता एक कागद म्हणणार की गाय तीस हजाराची. त्याच्या पाचशे सेहेचाळीस रुपयांसाठी माझा पुरावा बावन्न हजारांनी लहान.

कारकुनानं त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, किती टाकू?"

"ब्याऐंशी."

त्यानं लिहिलं. कार्बन घालून तीन प्रती. आकड्यात, अक्षरात. बिल्ल्याचा नंबर बाराच्या बारा आकडे, मध्ये दोनदा फाटकावरच्या पोराला हाक मारून. घेणाऱ्याचा परवाना नंबर विचारला, आधारवरचा पत्ता लिहून घेतला, मोबाईल नंबर लिहिला आणि तिथल्या तिथे त्या नंबरवर रिंग देऊन बघितली. रिंग हेड्याच्या खिशात वाजली. हे त्याला कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही, अनुभवानं आलेलं आहे.

पावतीच्या तळाला आधीच छापलेली ओळ असते : जनावराची संपूर्ण किंमत रोख मिळाली, माझी काही तक्रार नाही. त्याखाली विकणाऱ्याची सही. गडबडीत शंभरातले नव्वद जण पैशाआधीच ही सही करून मोकळे होतात, अंगठेवाले तर हमखास. मी पेन उचललं तसं कारकुनानं पावतीपुस्तक आपल्याकडे ओढलं, त्यावर ट्रकच्या बेअरिंगची एक जाडजूड रिंग वजनाला ठेवली आणि म्हणाला, "पैसे आले की या." बस्स. पुढच्या माणसाला हाक मारली.

हेडी म्हणाला, फोनवरून टाकतो. नंबर दिला. त्यानं हिरवी खूण दाखवली, वीस हजार. माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला, वीस हजार जमा. मग बासष्टची हिरवी खूण दाखवली. माझ्याकडे काही नाही. बाजारात नेटवर्कची बोंब असते हे खरं आहे, आणि नुसतं चित्र दाखवून जनावर घेऊन जाणारेही असतात हेही खरं आहे. कुठलं खरं ते मला त्याच्या फोनवरून कळणार नव्हतं. मी खुट्याशेजारी दगडावर बसले. दावं मनगटाला एक वेढा देऊन धरलेलं. त्याच्या हातात नवा निळा नायलॉनचा कासरा, पुडीतून काढलेला, घड्या तशाच. आमच्यात घरचं दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपला कासरा बांधायचा आणि आपण आपलं सोडून घ्यायचं. तेव्हा गाय नेमकी कोणत्या घटकेला त्याची होते याबद्दल बाजारात कोणाला शंका नसते.

"वहिनी, विश्वास नाय का?"

"आहे की. म्हणून तर उन्हात बसलेय."

पावणेदहा ते दहा पस्तीस. त्याच्या गाडीत आधीच्या दोन गाई उभ्या होत्या, त्या तापत होत्या, तो तापत होता. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, देऊन टाकू, बरा माणूस दिसतोय." बरा माणूस होताही. दहा पस्तीसला बासष्ट हजार जमा झाले, मेसेज आला, मी खात्यातली शिल्लकही उघडून बघितली, मग उठले. शकुनाचे एक्कावन्न रुपये त्याला परत दिले, निळा कासरा बांधू दिला, आपलं दावं सोडलं आणि खिडकीवर जाऊन सही केली. टेबलावर नावही बदलून घेतलं. दीड तास जास्त गेला. माझी पिकअपवाल्याशी थोडी बाचाबाची झाली, शंभर रुपये वाढवून द्यावे लागले.

आता दीड तारा कापला तो कशासाठी.

पहिली गोष्ट, वर लिहिलेलं सगळं त्या एका कारकुनामुळे झालं. शेजारच्या खिडकीवर तीस म्हटले की तीस लिहीत होते आणि सही आधी घेत होते. मी तिथं उभी राहिले असते तर हाच बाजार मला दीड ताऱ्याचा वाटला असता. माणसावर अवलंबून असलेली सोय ही सोय नव्हे. तो कारकून रजेवर असेल त्या दिवशी बाजारात जाऊ नका, असं मी इथे लिहिणार आहे का? लिहिते : जाऊ नका. निदान दुसऱ्या खिडकीवर पुरती रक्कम लिहून घ्या आणि छापील ओळीखाली पैसे मिळेपर्यंत सही करू नका. भांडावं लागलं तर भांडा.

दुसरं, परवानाधारक व्यापाऱ्यांचा फलक. आहे, पण रंग उडालाय, खालची आठ-दहा नावं वाचता येत नाहीत. ज्याच्याकडे परवाना आहे त्यानं पैसे बुडवले तर सचिवांकडे लेखी तक्रार करता येते, परवान्यावर गदा येऊ शकते, म्हणून तो थोडा तरी दबून असतो. बिनपरवान्याचा, परजिल्ह्यातून आलेला हेडी गेला की गेला. फलक रंगवायला किती खर्च येतो?

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. समिती फी घेते, पण पैसे हातातून हातात जाताना मध्ये कोणीच नाही. घेणाऱ्यानं खिडकीवर पैसे भरावेत, खिडकीनं विकणाऱ्याला द्यावेत, गेटपास त्यानंतर मिळावा, एवढं साधं काही केलं तर निम्मी भांडणं संपतील. मी हे तिथल्या एका संचालकांना बोलले. ते म्हणाले, ताई, मग व्यापारी येणार नाहीत, रस्त्यावर बाजार भरेल.

खोटं नाही ते. कमानीबाहेर, डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सकाळी सात वाजेपर्यंत दुसरा बाजार भरतोच, बिनपावतीचा. तिथं एक आजोबा भेटले. दोन खोंडं विकून निघाले होते. पैसे मिळाले का विचारलं तर बंडीच्या खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढून दाखवला. त्यावर बॉलपेननं "पु. बाजारी ४५". नाव नाही, सही नाही, पंचेचाळीस म्हणजे हजार हे समजून घ्यायचं. "बारा वर्साचा येव्हार हाय त्याच्यासंगं," म्हणाले. मी काही बोलले नाही. बारा वर्षं पैसे मिळालेत म्हणूनच ते उधार देतात, त्यात वेडेपणा नाही.

उधारीशिवाय हा धंदा चालत नाही, हेही मला कळतं. बारक्या हेड्याकडे भांडवल नसतं. तो तुमची गाय उचलतो, सांगोल्याला नाहीतर काष्टीला नेतो, तिथं विकतो आणि त्यातून तुमचे पैसे देतो. सगळं सरळ झालं तर सगळ्यांचं भागतं. पण वाटेत गाय बसली, तिकडे भाव पडला, पुढच्यानं त्याचेच पैसे थकवले, की तो तोटा उलटा फिरून माझ्या दारात येतो. म्हणजे मी त्याच्या धंद्यात भांडवल घातलं, बिनव्याजी, आणि नफ्यात माझी पाती नाही. माझ्या पहिल्या हेड्यानं मला मुद्दाम फसवलं की तोही असाच कुठे अडकला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वीस हजार मात्र माझे गेले.

राहिलं बायकांच्या संडासाचं. आहे, बांधकाम चांगलं आहे, बाहेर पाटी आहे. कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. बाजारात बायका येत नाहीत म्हणून कुलूप, असं उत्तर मिळालं. त्या दिवशी मी एकटीनं सात मोजल्या.

दिवाळीच्या आत कालवड काढायची आहे, पुन्हा येईन तेव्हा किल्लीचं काय झालं ते इथंच लिहीन. आणि हो, गाडी लावायचे वीस रुपये घेतात. पावती मागितली की दहाच घेतात, आणि पावती तरीही देत नाहीत.